कुवेतचा ओटा

"गेल्या शुक्रवारी ठरलंय म्हणे. रविवारी कमिटी येणार, आणि मग ते बिराजदार मास्तर आणि त्यांचा तो अंगणातला खेळ, दोन्ही..."

एवढ्यात पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला! शेवंताबाईचे ओठ हलताना दिसले, तिने हात झटकलेला दिसला, पण शब्द म्हणून एक ऐकू आला नाही. पट्टा थांबला तेव्हा ती डबा डोक्यावर घेऊन बोळाच्या वळणावर पोचलीसुद्धा होती.

अर्धी बातमी घेऊन घरी येणं म्हणजे फार वाईट. गिरणीपासून आमच्या दारापर्यंत जेमतेम दोनशे पावलं. तेवढ्यात उरलेली अर्धी मी माझीच पुरी केली. मास्तरांची नोकरी जाणार. बिऱ्हाड हलणार. महादेवी डोळे पुसत टांग्यात बसणार. तिच्याबरोबर शेंगाचटणी किती द्यायची, इथपर्यंत माझा विचार झाला होता!

बिराजदार मास्तर म्हणजे आमचे शेजारी. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमची दोन घरं समोरासमोर, मध्ये शहाबादी फरशीचं एकच अंगण आणि एकच नळ. महादेवी त्यांची बायको, अक्कलकोटकडची. अशा ठिकाणी राहिलं की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. मिलमधून सुटलेल्या माणसाच्या केसांत कापूस बसलेला असतो ना, तसे ते अंगावर बसतात. झटकायला घेतले की कळतं किती साठले होते ते. त्यातून माझ्या खिडकीला पडदा नाही. होता. मीच काढला.

*

मास्तर इथल्या एका कॉमर्स कॉलेजात शिकवायचे. विषय काय, तर आपला माल परदेशात कसा विकायचा! मी सातवी पास. मला वाटायचं, परदेशात विकायचं म्हणजे जहाजात भरायचं आणि द्यायचं पाठवून. पण मास्तर एका उन्हाळ्यात कसल्याशा शिबिराला गेले आणि डोक्यात नवीनच खूळ घेऊन आले. म्हणाले, "काकू, हा विषय फळ्यावर शिकवून येत नाही. खेळून येतो."

खेळ असा. निम्म्या पोरांनी सोलापुरातल्या चादरीच्या कंपन्या व्हायचं, निम्म्यांनी परदेश व्हायचं. कंपन्यांनी देशोदेशी जाऊन चादरी विकायच्या. कॉलेजात हे जमेना, कारण बाकं हलवावी लागत. प्रिन्सिपॉल म्हणाले, "या कॉलेजात बाकं हलत नाहीत!" म्हणून दर रविवारी दुपारी सगळं जग आमच्या अंगणात भरायला लागलं.

पहिल्या रविवारी मास्तर खडू घेऊन फरशीवर रेघा ओढत आमच्या ओट्यापाशी आले. "काकू, तुमचा ओटा कुवेत करतो. हरकत नाही ना?"

म्हटलं, "करा. पण कुवेतात माझे पापड वाळतायत, त्यांना हात लावायचा नाही."

मास्तरांच्या दारापुढे जर्मनी आली, कारण तिथे त्यांच्या घरातली एकुलती एक खुर्ची ठेवता आली. नळाजवळ जपान. आणि बोळाच्या दाराशी कस्टम. तिथे दत्ताला बसवलं. दत्ता उजनीकडचा. त्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. दोन वर्षं सगळं गाव 'आज जाणार, उद्या जाणार' करत बसलं होतं. पण पोरगा हसरा. दिलेलं काम जीव ओतून करायचा.

आमचे हे होटगीला रेल्वेत. सकाळची ड्यूटी संपवून दमूनभागून आले, तो दत्ता दारात आडवा!

"पासपोर्ट?"

ह्यांना वाटलं, कुठलं तरी चेकिंग आहे. सवयीने खिशात हात घातला आणि रेल्वेचा पास काढून दिला. दत्ताने तो उलटसुलट करून वाचला आणि परत केला.

"साहेब, ह्यो होटगीपातूरच चालतोय. जर्मनीला न्हाय चालत."

मी ओट्यावरून ओरडले, "अहो, मी कुवेतात आहे, सरळ इकडे या!"

तर दत्ता म्हणतो, "सरळ कसं येतील काकू? मधी जपान हाय की!"

त्या दिवशी आमच्या ह्यांनी नळावर पाय धुवायलासुद्धा जपानची परवानगी मागितली.

*

दत्ताचं कस्टम दोनच रविवार टिकलं. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी त्याला विकायला पाठवलं. जर्मनीच्या खुर्चीवर पद्मा बसली होती. पद्मा आपल्या तेलुगू साळ्यांची. घरात चार माग. चादर बोटांत धरून तिची वीण सांगायची. आणि जीभ? मागाच्या धोट्याहून जोरात!

दत्ता चादर खांद्यावर टाकून जर्मनीत गेला. माल दाखवला. पद्मा म्हणाली, "माल बरा आहे. भाव?"

आता दत्ताचा बाप बैलबाजारात उभी हयात घालवलेला. दत्ताने भाव करायची एकच रीत पाहिलेली. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. त्याने झोकात खांद्यावरचा टॉवेल काढला, पसरला, हात पुढे केला आणि थिजला! समोर पोरगी! हात धरायचा कसा?

टॉवेल तसाच हवेत. दत्ताचे कान लाल. अंगणात कुणी हसेना, कारण सगळ्यांनाच पुढचं बघायचं होतं.

पद्मा शांतपणे म्हणाली, "भाव तोंडाने सांग. जर्मनीत बैलबाजार भरत नाही."

नंतर हसता हसता पोरांची पुरेवाट झाली. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी दत्ताच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "याचं चुकलं काहीच नाही. फक्त ही त्याची रीत झाली. विकायला गेलात की गिऱ्हाइकाची रीत धरायची. एवढंच लिहून घ्या."

मीही लिहून घेतलं. वाण्याच्या यादीच्या मागे.

*

पद्मा तरी कुठे सुटली म्हणा!

पुढच्या रविवारी ती कंपनी झाली आणि जपानला माल दाखवायला निघाली. घरून खरी, कोरी चादर आणली होती. जपानचे साहेब म्हणून मास्तर स्वतः नळाच्या कट्ट्यावर बसले. डोळ्यांना चष्मा, हातात भिंग! त्यांनी चादरीची घडी उलगडली. बरोबर मधोमध लाल डाग.

"हे काय आहे, मॅडम?"

"कुंकू आहे सर."

"माल नापसंत. डाग आहे."

"डाग नाही सर, कुंकू आहे!" पद्मा म्हणाली. "पहिला नग कुंकवाशिवाय आमच्या घराबाहेर जात नाही. मी खेळ आहे म्हटलं, तरी आईने लावलंच."

"जपानला तुमच्या आईशी काय करायचंय?"

"मग जपानला सांगा, धुऊन घे."

मास्तरांनी चष्मा काढला. "आणि धुताना चादरीचा रंग गेला तर?"

मागे इक्बाल उभा होता. तो पद्माच्याच कंपनीत. त्याच्या मामाचा रंगाचा कारखाना. तो तळमळून म्हणाला, "सर, चद्दर के रंग का नको पूछो, पक्का है. कुंकू जाता क्या, वो पूछो!"

ऑर्डर हातची गेली. पद्मा घरी जाऊन आईशी भांडली. आठ दिवसांनी आली ती हसत. आईने तोड काढली होती. चादरीवर कागदी वेष्टण घालायचं आणि कुंकू वेष्टणाला लावायचं! आईचा शकुन झाला आणि जपानचा माल कोरा राहिला.

मास्तरांनी ते वेष्टण काढून, परत घालून बघितलं. मग म्हणाले, "हे मला पुस्तकात सापडलं नव्हतं. तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग."

*

एका रविवारी कुवेतची दोन पोरं आली नाहीत. मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मला इंग्रजी येत नाही."

"कुवेतला तरी कुठे येतं, काकू? तुम्हाला फक्त चादर घ्यायची का नाही, ते ठरवायचंय."

हे मला येतं! पदर खोचला आणि बसले.

तीन कंपन्या आल्या. पहिली म्हणाली मऊ, दुसरी म्हणाली टिकाऊ, तिसरी म्हणाली दोन्ही बाजूंनी वापरा. मी सगळ्यांना एकच विचारलं, "धुतल्यावर किती आटते?"

तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग मास्तरांकडे. मास्तर जर्मनीकडे बघायला लागले.

म्हटलं, "सोलापुरात जन्म गेला तुमचा, आणि चादर किती आटते हे माहीत नाही? मग कुवेतात जाऊन काय सांगणार, कप्पाळ?"

मग काय! अर्ध्या तासात जपानात बादल्या भरल्या गेल्या. तिन्ही चादरी भिजवल्या, पिळल्या, दोरीवर टाकल्या. महादेवी चहा घेऊन बाहेर आली तर सगळ्या देशांत पाणीच पाणी! "अय्यो शिवने!" म्हणून ती परत आत पळाली.

वाळल्यावर टेप लावली. 'टिकाऊ' म्हणणाऱ्याची चादर टीचभर आटली होती! तो केविलवाण्या आवाजात म्हणाला, "काकू, कुवेतात पाऊसपाणी कमी असतं. तिकडे रोज कोण धुतंय?"

मी त्याची ऑर्डर रद्द केली. गिऱ्हाइकाला अक्कल शिकवायला आलेल्या माणसाकडून मी भाजीसुद्धा घेत नाही.

*

आता जे सांगते त्यात माझी चूक आहे. पण सांगते.

खेळात अडचणी याव्यात म्हणून मास्तरांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. मध्येच एक उचलायची. कुठे 'बंदरात संप', कुठे 'जहाज उशिरा', कुठे 'कुवेतने कर वाढवला'. (हा मी नाही वाढवला.) पण चिठ्ठ्यांचा कागद पातळ. अंगणात वारा. 'बंदरात संप' दोनदा उडून गटारात गेला. मग मास्तरांनी घरातला जुना पत्त्यांचा जोड काढला आणि एकेका पत्त्याच्या मागे एकेक चिठ्ठी डकवली. पत्ते जाड, उडायचे नाहीत.

एकदा इक्बालने पत्ता उचलला आणि जोरात ओरडला, "गेलं! जहाज बुडालं! सगळं गेलं!" नेमका दारावरून पोस्टमन चालला होता, रविवारच्या सुट्टीचा. बिचारा मान खाली घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो थेट मास्तरांपुढे टोपी काढून उभा. "मास्तर, कळलं काल. आपली कितीजणं होती हो जहाजावर?"

मास्तर म्हणाले, "माणसं नव्हती. चादरीच होत्या."

पोस्टमन म्हणाला, "देव पावला!" आणि टोपी घातली.

हा किस्सा मी गिरणीत सांगितला. गिरणीत सांगायचं म्हणजे थोडं तिखटमीठ लागतंच. शेवंताबाईला म्हटलं, "आमच्या अंगणात दर रविवारी पत्ते वाटतात, बाई! राजा-राणी सगळे! आणि एकेका पत्त्यावर पोरांची जहाजंच्या जहाजं बुडतात!"

बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. डबा घेऊन घरी आले.

दोन महिन्यांनी तीच गोष्ट कमिटी होऊन परत आली.

*

त्या दिवशी अर्धी बातमी ऐकून आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. गिरणीत आधी काय बोलले होते, तेही सांगितलं. हे जेवत होते. घास हातात तसाच धरून म्हणाले, "तू गिरणीत दळण टाकायला जातेस, का शेजाऱ्यांना?"

जेवण गेलं नाही मला. वाटीभर शेंगाचटणी घेऊन समोर गेले. महादेवी ज्वारी निवडत बसली होती. न विचारताच सांगायला लागली. मास्तरांची नेमणूक एकेका वर्षाची. तीन वर्षं अशीच गेली. यंदा कायम करणार होते. तेवढ्यात कुणीतरी कॉलेजच्या चेअरमनना पत्र टाकलं की हा मास्तर घरी पोरांना पत्ते खेळायला शिकवतो. आता चेअरमन आणि प्रिन्सिपॉल येत्या रविवारी स्वतः बघायला येणार होते. कायम करायचं की घरी बसवायचं, ते त्यानंतर.

"हे म्हणतात, खरं ते दाखवू," महादेवी म्हणाली. "पण काकू, अक्कलकोटहून अत्तींना इकडं आणायचं ठरवलं होतं. आता काय सांगू त्यांना?"

अत्ती म्हणजे तिची सासू. एकटी असायची तिकडे.

मी चटणीची वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "महादेवी, पत्त्यांचं ते मीच बोलले गं."

तिने सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही वाटी अंगणात जाणार. जपानपर्यंत!

ती म्हणाली, "मग रविवारी कुवेतात तुम्हीच बसा. तोंड उघडलंत, तर आता पुरतं उघडा."

*

रविवार आला. मी अंगण दोनदा झाडलं. पापड घातले नाहीत. पद्मा वेष्टणातली चादर घेऊन आली. दत्ताने खांद्यावर धुतलेला टॉवेल टाकला होता.

चेअरमन म्हणजे मोठं धूड. पांढरं धोतर, फेटा, मिशा. त्यांच्या मागे प्रिन्सिपॉल, सुटात, घामाघूम. चेअरमन आले ते सरळ त्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले.

मास्तर घाईने पुढे आले. "साहेब, आपण जर्मनीत बसलात."

"बसलो तर बसलो. पत्ते कुठायत?"

मास्तरांनी जोड पुढे केला. चेअरमननी वरचा उचलला. चौकटचा राजा! त्यांनी प्रिन्सिपॉलकडे बघितलं. प्रिन्सिपॉलनी 'मी म्हणत नव्हतो?' अशी मान हलवली.

"मागे वाचा साहेब," पद्मा म्हणाली.

चेअरमननी पत्ता उलटा केला. चष्मा नसल्याने लांब धरून वाचला. "बंदरात संप. माल... आठ दिवस पडून." त्यांनी वर बघितलं. "मग? माल कुणाचा होता?"

"माझा," पद्मा म्हणाली. "तो आठ दिवस बंदरात भिजणार. म्हणून आतून मेणकापड घातलंय. बघा."

चेअरमननी वेष्टण फाडून मेणकापड बघितलं. पण कपाळावरची आठी गेली नव्हती. म्हणाले, "हे समदं ठीक हाय. पण गावभर बोलणं झालंय, ते का? इस्तवाशिवाय धूर निघत न्हाय."

आता माझ्याने राहवेना. ओट्यावर उभी राहिले. पदर खोचला.

"साहेब, धूर मी काढला. गिरणीत गंमत म्हणून बोलले. मास्तरांनी पत्त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. हे मला ठाऊक होतं, पण सांगितलं निम्मंच."

चेअरमन वळून बघायला लागले. "तुमी कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुवेत!"

प्रिन्सिपॉलना ठसका लागला. चेअरमनच्या मिशा हलल्या, पण हसले का कसं, ते कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बरं. खेळ तर बघू. मी जर्मनी न्हवं? मला चादर पाहिजे. कोण इकतंय?"

मास्तरांनी दत्ताकडे बघितलं. दत्ता पुढे झाला. माल दाखवला, वीण दाखवली. धुतल्यावर किती आटते, ते न विचारता इंचात सांगितलं! मी कुवेतातून मान डोलवली.

"भाव बोल," चेअरमन म्हणाले.

दत्ताने एकदा पद्माकडे बघितलं, घसा साफ केला आणि शिकवल्याप्रमाणे खणखणीत, तोंडाने भाव सांगितला.

चेअरमन खुर्चीतून निम्मे उठले. "आरं, असा चारचौघांत भाव सांगत्यात व्हय? समदी दुनिया ऐकतीया! कुणाचा रं तू?"

दत्ताने गावाचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं.

"बैलबाजारातला? त्याचा ल्योक तू? मग तुला रीत न्हाय शिकवली त्यानं?"

दत्ताने मास्तरांकडे बघितलं. मास्तर हळूच, अगदी हळू म्हणाले, "गिऱ्हाइकाची रीत, दत्ता."

दत्ताने खांद्यावरचा टॉवेल काढून पसरला. चेअरमननी त्याचा हात हातात घेतला, वर टॉवेल ओढला. अंगणातले सगळे देश माना उंचावून बघायला लागले. टॉवेल हलला. थांबला. पुन्हा हलला. चेअरमननी नकाराची मान हलवली. दत्ताने ओठ घट्ट मिटले आणि टॉवेल परत हलला. एकदा तर चेअरमन हात सोडवून घ्यायला निघाले होते. दत्ताने सोडला नाही. शेवटी चेअरमन "हं!" म्हणाले आणि टॉवेल झटकून त्याच्या खांद्यावर परत टाकला.

"सौदा झाला."

मास्तर खडू घेऊन उभे होते. "साहेब, काय भाव ठरला? फरशीवर लिहायचाय."

"ते सांगायचं नसतंय मास्तर," चेअरमन म्हणाले, आणि उठले. "आता माझं ऐका. हा खेळ या अंगणात बंद."

महादेवी दारात उभी होती. तिने चौकट धरली.

"बंद म्हंजे बंद. असलं उघड्यावर, कुणाच्या बी कानावर पडल असं करायचं न्हाय. पुढच्या रविवारपास्नं कॉलेजच्या हॉलात. प्रिन्सिपॉलसाहेब, बाकं हलवा."

"बाकं?" प्रिन्सिपॉल म्हणाले.

"हलवा की! जर्मनीला जागा नको व्हय?"

"आणि मास्तर?" हे मीच विचारलं. परत!

चेअरमन दारातून वळले. "मास्तर न्हाय तर बाकं शिकवणार हायत का? कायमच्या ऑर्डरवर उद्या सही करतो. आनि कुवेतबाई, हे मातर पुरतं सांगा गिरणीत. निम्मं न्हाय."

ते दोघं बोळाबाहेर पडले. मग महादेवी मटकन जर्मनीच्या खुर्चीत बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय! मी बसल्या जागी ओट्यावर आडवीच झाले. आठवड्यात पहिल्यांदा मला भूक लागली होती.

*

तर शेवंताबाईची बातमी निम्मी खरी निघाली. खेळ गेला, मास्तर राहिले. महिन्याभरात अत्ती आल्या. दुपारी आता त्याच कुवेतात बसून माझ्याशी कानडीत बोलतात, मी मराठीत बोलते, आणि दोघींना सगळं कळतं. पण रविवारी दुपारी अंगण मोकळं दिसलं की चुकल्यासारखं व्हायचं. फरशीवरची खडूची रेघ मी बरेच दिवस पुसली नव्हती.

परीक्षा झाल्यावर दत्ता पाया पडायला आला. गावाला नवी जागा मिळाली होती, घर हलवायला निघाला होता. चहा दिला. म्हटलं, "दत्ता, जाता जाता एवढं सांगून जा. त्या दिवशी टॉवेलाखाली काय झालं रे? एवढा वेळ का लागला? नुसत्या चादरीचा भाव होता, का आणखी काही?"

दत्ता हसला. खांद्यावरचा टॉवेल काढला.

"काकू, तुमी मला आईसारख्या. हात घाला हितं. सांगतो."

मी हात घातला. त्याने टॉवेल ओढला आणि बोटं दाबली. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग सबंध पंजा धरून, जरा वेळ थांबून, तिसऱ्यांदा. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग समोर मास्तरांच्या दाराकडे. त्याने मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणीत वीज नव्हती. पट्टा बंद. सात-आठ बायका डबे घेऊन खोळंबलेल्या. शेवंताबाई म्हणाली, "काय गं, तो दत्ता काल आला होता ना तुझ्याकडे? काय भाव ठरला होता, कळलं का?"

कुठे काही आवाज नव्हता. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"कळलं," मी म्हटलं. "पण ते सांगायचं नसतं."